वाढत्या अंगाची रायफल

जूनमध्ये शाळेचा गणवेश घेताना आपल्याकडे आई दुकानदाराला सांगते, "वाढत्या अंगाचा द्या." बाह्या दुमडल्या की दोन वर्षं निघतात, आणि ढगळ शर्टानं कुणी मरत नाही. अमेरिकेतले अनेक शिकारी बाप हाच हिशोब पोराच्या पहिल्या रायफलला लावतात. आत्ताच थर्टी-ऑट-सिक्स घेऊन टाकू, जन्मभर पुरेल. हा हिशोब चुकतो तेव्हा त्याची किंमत बाप मोजत नाही, पोरगाही फारशी मोजत नाही. ती हरीण मोजतं.

कशी ते बघा. रायफलच्या वजनात फरक नसेल, तर थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का .२४३ विंचेस्टरच्या साधारण दुप्पट असतो. बारा वर्षांच्या खांद्याला असे चार धक्के बसले की पाचव्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो. हा भित्रेपणा नाही, शरीराची शिकवण आहे. आणि नळीचं तोंड नुसतं पाव अंश हललं, तरी १०० यार्डांवर गोळी १५ इंचांहून जास्त सरकते. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जेमतेम एका वितीची जागा. तिथून सरकलेली गोळी पोटात शिरते, आणि हरीण झाडीत पळून जाऊन तासन् तास मरत राहतं.

यावर बंदूक कंपन्यांचं उत्तर म्हणजे 'यूथ मॉडेल'. आखूड दस्ता, हलकं वजन. दस्त्याचं ठीक आहे. मोठ्यांच्या रायफलीत चाप ते दस्त्याचं टोक हे अंतर साडेतेरा इंचांच्या आसपास असतं, पोराचा हात तेवढा पुरत नाही. पण वजनाचं काय? काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली, की धक्का वाढतो. हे शाळेतलं न्यूटनचं गणित आहे. म्हणजे जे कमी करायचं, तेच वाढवून विकायचं!

"पण .२४३ हे कसलेल्या नेमबाजाचं काडतूस आहे, त्यात चुकीला जागा नाही," असं जुने शिकारी म्हणतात. मग चुकीला जागा कुठल्या काडतुसात आहे? पोटात शिरलेली जाड गोळीही पोटातच शिरते. जागा हवी असेल तर अंतर कमी करा, १०० यार्डांच्या पुढे बार टाकूच देऊ नका. आणि त्याआधी वर्षभर .२२ वर कागदाची निशाणं फोडू द्या. ते .२२ हरणावर मात्र नको. बहुतेक राज्यांत कायदाच मनाई करतो, आणि बरोबर करतो.

जिम कॉर्बेटची पहिली बंदूक आठवा. 'जंगल लोअर'मध्ये तिचं वर्णन आहे: ठासणीची जुनी दुनळी, एक नळी फुटलेली, सगळा सांगाडा तारेनं बांधलेला. हातात एकच बार असला की माणूस जवळ जायला शिकतो, थांबायला शिकतो, आणि न उडवता परत यायलाही शिकतो. म्हणून पहिली रायफल एका बाराची किंवा बोल्टची असावी. धडाधड गोळ्या सोडणारी अर्धस्वयंचलित बंदूक पोराला एकच गोष्ट शिकवते: पुढची गोळी आहेच.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं हौशी शिकार संपवली, मला त्याचा आनंद आहे. पण जिथं ती कायदेशीर आहे, तिथं 'करूच नका' एवढंच म्हणून आपले हात स्वच्छ राहतील, हरणाचं मरण सोपं होणार नाही.

अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार दुकानदार अठरा वर्षांखालच्या कुणालाही रायफल विकू शकत नाही. म्हणजे निवड नेहमी मोठ्या माणसाचीच असते. तेव्हा स्वतःची हौस नव्हे, पोराचा खांदा मोजा. पेटीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. आणि पोरगा वाढला की नवी रायफल घ्या. शर्टही बदलतोच की आपण.