अंगण वाकडें कीं नाच कच्चा?

मोटारींच्या शर्यती हा विषय शाळेच्या वार्षिकांत शोभतो काय, अशी शंका आमच्या कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या मनांत येईल. धूर, गोंगाट, पाण्यासारखा वाहणारा पैसा आणि जिवाला धोका, यांपलीकडे त्यांत आहे तरी काय, असें ते विचारतील. हा आक्षेप अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मधल्या सुटींत आमचे विद्यार्थी ज्या विषयावर तावातावानें वाद घालितात, त्याकडे शिक्षकांनीं पाठ फिरवावी हें आम्हांस मान्य नाहीं. शिवाय २०१५ पासूनच्या दहा वर्षांत या शर्यतींतील एका संघाची जी पडझड आणि जी पुनर्बांधणी झाली, तिजपासून विद्यार्थी, पालक व आम्ही शिक्षक या तिघांनींही घेण्यासारखा बोध आहे. तो संघ म्हणजे इंग्लंडांतील वोकिंग गांवचा मॅक्लारेन.

ज्यांस या खेळाची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. फॉर्म्युला वन या नांवाच्या स्पर्धेंत प्रत्येक संघ दोन मोटारी उतरवितो. वर्षभर निरनिराळ्या देशांत शर्यती होतात आणि प्रत्येक शर्यतींत पहिल्या दहा क्रमांकांस गुण मिळतात. वर्षाअखेर चालकांचें एक व संघांचें एक, अशीं दोन अजिंक्यपदें दिलीं जातात. मोटारीचा सांगाडा संघानें स्वतः घडविला पाहिजे; इंजिन मात्र दुसऱ्याकडून घेतां येतें. सर्व तंट्याचें मूळ येथेंच आहे. मोटार मध्येंच बंद पडली म्हणजे दोष सांगाड्याचा, इंजिनाचा कीं चालकाचा, हें प्रेक्षकांस दिसत नाहीं. आणि ज्याला त्याला तो दुसऱ्याचाच वाटतो.

न्यूझीलंडचे ब्रूस मॅक्लारेन यांनीं हा संघ सन १९६३ मध्यें काढिला. १९७० सालीं गुडवुड येथें मोटारीची चांचणी घेत असतां त्यांस अपघातीं मरण आलें. तथापि त्यांचें काम त्यांच्यामागें बंद पडलें नाहीं. १९८८ सालीं जपानच्या होंडा कंपनीचें इंजिन आणि आयर्टन सेना व अ‍ॅलेन प्रॉस्ट हे दोन चालक यांच्या बळावर या संघानें सोळा शर्यतींपैकीं पंधरा जिंकिल्या. १९८८ पासून १९९१ पर्यंत सलग चार वर्षें दोन्हीं अजिंक्यपदें मॅक्लारेन व होंडा या जोडीकडेच राहिलीं.

हीच जोडी २०१५ सालीं पुन्हां जमली तेव्हां जुन्या वैभवाची आठवण सर्वांस झाली. चालकही सामान्य नव्हते; दोन वेळां जगज्जेता झालेला फर्नांडो अलोन्सो आणि एक वेळ झालेला जेन्सन बटन. परंतु मेलबोर्नच्या पहिल्याच शर्यतींत एक मोटार आरंभरेषेपर्यंतही पोंचली नाहीं, आणि दुसरी शेवटास पोंचली ती पोंचणाऱ्या सर्वांच्या मागून. वर्षभरांत ठराविक संख्येपेक्षां अधिक इंजिनें वा त्यांचे भाग वापरल्यास मोटारीस आरंभाच्या रांगेंत मागें ढकलण्याची शिक्षा असते. त्या वर्षीं बेल्जमच्या शर्यतींत या दोन मोटारींस मिळून १०५ जागांची शिक्षा झाली; आणि रांगेंत मोटारी होत्या अवघ्या वीस! वर्षाअखेर दहा संघांत नववा क्रमांक व २७ गुण पदरांत पडले. २०१६ मध्यें थोडी सुधारणा होऊन ७६ गुण झाले. २०१७ मध्यें पुन्हां ३० गुण आणि पुन्हां नववा क्रमांक. त्या वर्षीं रशियांतील शर्यतींत तर अलोन्सोची मोटार शर्यत सुरू होण्यापूर्वींच्या फेरींतच बंद पडली.

अशा वेळीं मनुष्याच्या तोंडून काय निघतें, हें पाहण्यासारखें असतें. २०१५ सालीं होंडाच्याच मालकीच्या सुझुका येथील मार्गावर अलोन्सोनें, आपलें इंजिन खालच्या दर्जाच्या शर्यतींतलें आहे, असे उद्गार बिनतारी यंत्रावरून सर्व जगास ऐकूं जातील अशा रीतीनें काढिले. आमचा सांगाडा उत्तमांपैकीं आहे, उणें आहे तें इंजिनाचें, असा संघाचाही सूर होता. ‘नाचतां येईना अंगण वाकडें’ ही म्हण येथें कोणासही आठवेल. परंतु या प्रकरणांत विशेष असा कीं अंगण खरोखरच वाकडें होतें. होंडाचें इंजिन शक्तींत कमी होतें आणि वारंवार बिघडत होतें, हें कोणीही नाकारिलें नाहीं. मात्र मोटारीचा मागचा भाग अत्यंत निमुळता ठेवण्याच्या संघाच्या योजनेमुळें त्या इंजिनाचे भाग अगदीं आंखडून बसवावे लागले होते, ही गोष्ट तक्रारीच्या भरांत मागें पडली.

२०१७ च्या अखेरीस जोडी फुटली. २०१८ सालीं मॅक्लारेननें फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचें इंजिन घेतलें. तेंच इंजिन रेड बुल या संघाकडेही होतें. आतां निवाडा स्वच्छ व्हावयाचा होता, कारण अंगण एकच आणि नाचणारे दोन. रेड बुलनें त्या वर्षीं चार शर्यती जिंकून ४१९ गुण मिळविले. मॅक्लारेनला एकाही शर्यतींत पहिल्या तिघांत येतां आलें नाहीं. त्याचे गुण झाले ६२. उत्तम म्हणून मिरविलेला सांगाडा उत्तम नव्हता, हें त्या एका वर्षानें उघड केलें. इंजिनाच्या दोषाच्या आड सांगाड्याचा दोष तीन वर्षें सुखानें झांकून राहिला होता. दुसऱ्याचा खरा दोष हा आपल्या दोषाला लपावयास सर्वांत सोयीची जागा असते, हें आमच्या मतें या सर्व कथेचें मर्म आहे.

होंडाचें काय झालें? मॅक्लारेननें टाकिलेलें इंजिन त्यांनीं २०१८ सालीं तोरो रोसो या लहान संघास दिलें आणि निमूटपणें काम चालविलें. २०१९ पासून तें रेड बुलनें घेतलें, आणि त्याच वर्षीं ऑस्ट्रियांत मॅक्स वर्स्टॅपननें त्यावर शर्यत जिंकिली. २०२१ सालीं त्याच कंपनीच्या इंजिनावर तो जगज्जेता झाला. ज्याला जगानें हंसावें असें इंजिन करणाऱ्यांनींच सहा वर्षांत जगज्जेतें इंजिन करून दाखविलें.

मॅक्लारेनची पुनर्बांधणीही २०१८ च्या त्या कडू वर्षापासूनच सुरू झाली. जेव्हां बोट दाखविण्यास दुसरें कोणी उरलें नाहीं, तेव्हां तें आपल्याकडे वळलें. झॅक ब्राउन यांच्या हाताखालीं कारभाराची घडी बदलली. शर्यतीचे प्रमुख एरिक बुलिए यांनीं त्याच वर्षाच्या मध्यास राजीनामा दिला. २०१९ मध्यें आंद्रेआस झाइडल प्रमुख झाले, आणि कार्लोस साइन्झ व एकोणीस वर्षांचा लँडो नॉरिस हे दोन नवे चालक आले. त्या वर्षीं १४५ गुण व चौथा क्रमांक मिळाला. २०२१ मध्यें मर्सिडीझचें इंजिन घेतलें, आणि इटलींत मोंझा येथें संघानें शर्यत जिंकिली. २०१२ नंतर ती पहिलीच. मोटारीभोंवतीं वारा कसा वाहतो हें तपासण्यासाठीं जो बोगदा लागतो, तो वापरावयास हे लोक वर्षानुवर्षें जर्मनींत कोलोन येथें टोयोटा कंपनीकडे जात असत. तो त्यांनीं वोकिंग येथें स्वतःचा केला व २०२३ सालीं तो कामास लागला. मध्यंतरीं महामारीमुळें पैशाची इतकी ओढ लागली कीं आपली इमारत विकून तींतच भाड्यानें राहण्याची पाळी आली. तरी बांधणी थांबली नाहीं.

तथापि आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती २०२३ च्या आरंभींची गोष्ट. त्या वर्षाची मोटार दाखविण्याच्या समारंभांतच, नवे प्रमुख आंद्रेआ स्टेला यांनीं, मनांत योजिलेल्या कांहीं गोष्टी आम्हांस साधल्या नाहींत व आम्ही पूर्ण समाधानी नाहीं, असें मोकळेपणें सांगितलें. पहिल्याच शर्यतींत, बहारिन येथें, ऑस्कर पियास्त्रीची मोटार बंद पडली; नॉरिसची मोटार सहा वेळां दुरुस्तीस थांबून सर्वांच्या शेवटीं आली. या वेळीं कोणीही इंजिन करणाऱ्यांकडे बोट दाखविलें नाहीं. कामाची विभागणी नव्यानें केली, मोटारीचा बहुतेक भाग नव्यानें आंखला, आणि जुलै महिन्यांत इंग्लंडच्या शर्यतींत तोच नॉरिस दुसरा व पियास्त्री चौथा आला. पुढल्या वर्षीं, २०२४ सालीं, ६६६ गुण मिळवून संघानें सव्वीस वर्षांनीं अजिंक्यपद परत आणिलें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या मोटारींत मर्सिडीझचें इंजिन होतें, आणि खुद्द मर्सिडीझचा संघ त्या वर्षीं चौथा आला. इंजिन दुसऱ्याचें असूनही पहिलें येतां येतें, हें यावरून सिद्ध झालें.

चालकांविषयींही दोन शब्द. २०१५ च्या चालकांचें कौशल्य कमी होतें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु कौशल्याबरोबर धीर व निष्ठा नसेल तर मोडकी मोटार अधिकच मोडते. २०२४ सालीं हंगेरींतील शर्यतींत नॉरिस पुढें होता. परंतु ती आघाडी त्यास संघानें थांब्यांचा क्रम बदलल्यामुळें मिळाली होती, म्हणून त्यानें, कुरकुरत कां होईना, ती जागा पियास्त्रीस परत दिली. पियास्त्रीची ती पहिली जिंकलेली शर्यत. त्या दिवशीं मूर्खपणा केला असें कित्येकांनीं नॉरिसला म्हटलें. पण दोन माणसें एका छपराखालीं एकमेकांवर विश्वास ठेवून राहूं शकलीं, यांत त्या संघाचें बळ होतें असें आमचें मत आहे.

अजिंक्यपद मिळालें म्हणजे दोष संपतात असेंही नाहीं. २०२५ सालीं संघानें सहा शर्यती शिल्लक असतांच पुन्हां अजिंक्यपद मिळविलें. तरी नेदरलंडांतील शर्यतींत नॉरिसची मोटार शेवटच्या फेऱ्यांत बंद पडली, आणि लास व्हेगास येथें मोटारींच्या तळाची फळी नियमापेक्षां अधिक झिजल्यामुळें दोघेही चालक बाद ठरले. नॉरिस अखेर जगज्जेता झाला तो ४२३ गुणांनीं, वर्स्टॅपनच्या ४२१ वर अवघ्या दोन गुणांनीं मात करून. इतकी वर्षें खपून मांडलेला डाव फळीच्या थोड्याशा झिजेमुळें हातचा जाण्याची वेळ आली होती. विश्वासूपणा ही एकदां कमावून पेटींत ठेवण्याची वस्तु नव्हे. ती रोज सकाळीं नव्यानें तपासावी लागते.

कोणी म्हणेल, मग काय इंजिन खराब असतां मुकाट्यानें बसावें? अन्याय सोसावा? तसें आम्ही म्हणत नाहीं. खरी तक्रार योग्य ठिकाणीं, योग्य शब्दांनीं केलीच पाहिजे. आणि भागीदारी जमत नसेल तर ती सभ्यपणें सोडण्यांतही पाप नाहीं. प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत कुसळ व मुसळ यांचा जो दाखला दिला, त्यांत भावाच्या डोळ्यांत कुसळ नाहींच असें म्हटलेलें नाहीं. त्यानें क्रम सांगितला. आधीं आपलें मुसळ काढावें. मग भावाचें कुसळ काढण्यापुरती दृष्टि स्वच्छ होते. हा क्रम उलटा केला कीं मनुष्य कुसळाविषयीं खरें बोलत असूनही आंधळाच राहतो. मॅक्लारेनचीं तीन वर्षें अशींच गेलीं.

आणि आमच्याकडे काय चालतें? परीक्षेचा निकाल लागला कीं विद्यार्थी म्हणतो, प्रश्नपत्रिका कठीण होती. पालक म्हणतात, शाळेचें लक्ष नाहीं. आम्ही शिक्षक म्हणतों, मागील इयत्तेंत पायाच कच्चा राहिला. तिघांच्याही बोलण्यांत थोडें थोडें सत्य असतें, आणि म्हणूनच तें धोक्याचें असतें. आमची विद्यार्थ्यांस सूचना अशी कीं, तपासलेली उत्तरपत्रिका हातीं येतांच दुसऱ्याचे गुण विचारण्यापूर्वीं एक कागद घ्यावा व गेलेल्या प्रत्येक गुणापुढें लिहावें कीं तो येत नव्हतें म्हणून गेला, येत असून निष्काळजीपणानें गेला, कीं वेळ पुरला नाहीं म्हणून गेला. ह्या तीन रकान्यांत न बसणारे जे गुण उरतील, तेवढ्यांचा दोष खुशाल इतरांस द्यावा. आणि शिक्षकांनींही वर्षाच्या आरंभींच, निकालाची वाट न पाहतां, आपलें कोठें उणें पडत आहे हें वर्गासमोर सांगण्याचें धैर्य दाखवावें. वोकिंगच्या लोकांस हें धैर्य येण्यास आठ वर्षें लागलीं. आमच्या शाळेंतील मुलाचें तर सारें माध्यमिक शिक्षण त्याच्या आंतच संपून जातें. त्याला इतका वेळ नाहीं.