संकेतस्थळ कोणासाठी?

मंडळाचे संकेतस्थळ नव्याने करायचे, असे कार्यकारिणीत ठरले आहे. रंग कोणता, पहिल्या पानावर फोटो कोणाचे, यावर भरपूर चर्चा झाली. ते वाचणार कोण, हे मात्र कोणी विचारले नाही. बँकेच्या काउंटरवर बसणारा माणूस म्हणून तो प्रश्न मी येथे विचारतो.

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आमच्याकडे मोठी रांग होती. पोस्टातून निवृत्त झालेले ८२ वर्षांचे एक गृहस्थ त्या रांगेत दीड तास उभे होते. मी म्हटले, "काका, केंद्र सरकारच्या पेन्शनरांना वयाची ८० वर्षे झाली की १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. या गर्दीत कशाला आलात?" ते म्हणाले, "मला कोण सांगणार?"

खरे तर ही माहिती आपल्या संकेतस्थळावर होती! आपल्याच अंकाची पाने स्कॅन करून चढवली होती. काकांच्या पुण्यातल्या नातवाने मोबाइलवर शोध घेतला, पण चित्ररूपाने चढवलेला मजकूर त्याच्या शोधात आला नाही. आला असता तरी तिसऱ्या पानाच्या तळाची बारीक ओळ त्याने वाचली असती का?

कॉमर्सला आम्हाला शिकवले होते, आधी गिऱ्हाईक पाहा, मग माल भरा. आपले गिऱ्हाईक कोण? एक, ज्यांना मराठी उत्तम वाचता येते पण मोबाइल हाताळता येत नाही, असे वडीलधारे. दोन, त्यांच्यासाठी परगावाहून माहिती शोधणारी मुले-नातवंडे. यांतली पुष्कळशी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात. तीन, उद्या सकाळी तहसीलदार कचेरीत जाणारा शेतकरी. आपण त्याच्यासाठी 'सात-बारा' असे लिहितो, पण इथल्या खिडकीवर तो कागद 'आरटीसी' किंवा 'पहाणी' म्हणून मागावा लागतो. दोन्ही नावे शेजारी-शेजारी दिली नाहीत, तर आपली मराठी शुद्ध राहील आणि त्याचा हेलपाटा फुकट जाईल.

काही मंडळी म्हणतील, हल्ली सगळे व्हॉट्सॲपवर मिळते. मिळते, पण त्यावर तारीख नसते. मागच्या वर्षीचा निरोप यंदा फिरत असतो आणि लोक चुकीचे कागद घेऊन आमच्यासमोर उभे राहतात.

यात राजकारणाचाही भाग आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, हे तत्त्व १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत मान्य झाले. बेळगाव सीमाभागात ती मागणी आपण वर्षानुवर्षे करतो आहोत आणि करीत राहू. पण उद्या सरकारने कोणाला न समजणारी मराठी, तीही स्कॅन करून, आपल्या हाती ठेवली, तर कोणत्या तोंडाने तक्रार करणार? मागणाऱ्याने आधी स्वतःच्या घरी करून दाखवावे.

म्हणून सुचवतो. बँकेची रांग, तहसीलदार कचेरी आणि शाळाप्रवेशाची खिडकी, या तीन ठिकाणी कार्यकर्त्यांनी महिनाभर बसावे आणि लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. सर्वाधिक विचारलेल्या १० प्रश्नांची १० पाने करावीत. प्रत्येक पानावर सुरुवातीलाच कोणी, कधी, कोठे जायचे आणि कोणते कागद न्यायचे, एवढे यावे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा. माहिती कोणत्या तारखेला तपासली, तेही लिहावे आणि त्याची जबाबदारी एका माणसावर ठेवावी. तेच पान मोठ्या अक्षरांत छापून वाचनालयाच्या फलकावर लावावे, म्हणजे काकांना नातवाची वाट पाहावी लागणार नाही.

पदाधिकाऱ्यांच्या फोटोंना माझा विरोध नाही. ते शेवटच्या पानावर शोभून दिसतील. पण हयातीच्या दाखल्याचे पान येत्या १ ऑक्टोबरच्या आत तयार व्हावे, एवढी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. ते टाइप करून द्यायला मी तयार आहे.