वॉरंट थंड होत नाही

झोडणी उरकली, जमिनीत ओल आहे तोवर वाल टाकायची घाई चालू आहे. पण आजची नोंद शेताची नाही, कागदाची आहे.

रोह्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या दारात परवा पोलीस आला. हातात परराज्यातल्या कोर्टाचं वॉरंट. पॉवर टिलरच्या कर्जाचे हप्ते थकले, फायनान्स कंपनीने आधीच घेऊन ठेवलेले सहीचे कोरे चेक तिकडच्या शाखेत टाकले, बाउन्स झाले. समन्स जुन्या पत्त्यावर गेलेलं. हा नेमका घरी नव्हता. लगेच नाक्यावरचे वकील जमले, "थोडे दिवस पुण्याला जा, वॉरंट थंड होतं."

डोंबल थंड होतं! कोर्ट रद्द करत नाही किंवा बजावलं जात नाही तोवर ते जिवंत राहतं. उद्या पोराच्या लग्नात बेड्या पडल्या तर हे सल्लागार येणारेत का?

आणि लगेच रेल्वेत कोंबून नेतात असंही नाही. चेक बाउन्स हा जामीनपात्र गुन्हा. वॉरंटवर काहीही छापलेलं असो, आधी गुन्हा कोणता ते वाचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 83 प्रमाणे पकडलेल्या माणसाला इथल्याच मॅजिस्ट्रेट किंवा एसपींसमोर उभं करतात, जामीन तयार असेल तर तो इथेच घेतात आणि बॉण्ड तिकडे पाठवतात. पुढे तिकडच्या कोर्टात वकील देऊन हजर व्हावं लागतंच, त्यातून सुटका नाही.

पण मूळ राग वेगळाच आहे. 2014 साली सुप्रीम कोर्टाने दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितलं होतं, चेक देणाऱ्याची बँक जिथे, तिथेच केस. म्हणजे पेणच्या चेकची केस पेणला. वर्षभरात, 2015 ला, कायदा बदलून ते उलटं केलं. आता पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. हे कोणाच्या सोयीसाठी? भात लावणाऱ्याच्या तर नक्कीच नाही. 2018 ला बेळगाव जिल्ह्यातल्या सुमारे 180 शेतकऱ्यांवर ॲक्सिस बँकेच्या केसमध्ये थेट कोलकात्याच्या कोर्टाची वॉरंट निघाली होती. ओरड झाली, मुख्यमंत्री कुमारस्वामी मध्ये पडले, तेव्हा बँकेने केस मागे घ्यायचं कबूल केलं. आपल्यासाठी कोण मध्ये पडणार? कर्ज बुडवा असं मी म्हणत नाही. देणं आहे ते द्यायचंच. पण कर्ज द्यायला माझ्या बांधावर येता, मग केस करायला दोन हजार किलोमीटर लांब का जाता?

आपलीही चूक आहेच. कोरा चेक म्हणजे सही करून दिलेला सातबारा, तरी शोरूममध्ये चहा पीत पाच-पाच देतो.

(फोनवर व्हिडिओ कॉल करून "वॉरंट आहे, पैसे भरा" म्हणतो तो चोर. खरं वॉरंट कागदावर असतं, कोर्टाच्या सही-शिक्क्याचं.)

सोमवारी आम्ही अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जातोय. पेण-रोह्यात कोणाकडे असा कागद आला असेल तर लपू नका, सोबत चला. कर्जाची कागदं, हप्त्यांच्या पावत्या आणि आधार घेऊन या.