गिधाड्या पैसा

आमच्या घरच्या देवघरात सुपारीच्या गणपतीखाली एक तांब्याचा पैसा आहे. तो कुणी आणला, कधी आणला हे आज घरात कुणालाच ठाऊक नाही. त्यावर पंख पसरलेला एक पक्षी आहे म्हणून आजी त्याला 'गिधाड्या पैसा' म्हणते. लहानपणी खेळायला मागितला की ती म्हणायची, "देवाचा आहे तो, त्याले हात नोको लावू." मी कला शाखेत इतिहास विषय घेतला आणि एका दिवाळीत देव घासण्याचे काम मुद्दाम अंगावर घेतले. पैसा हाती आला. अक्षरे नीट दिसावीत म्हणून मी त्याला भरपूर चिंच आणि राख लावून खसखसून घासले. पैसा नव्यासारखा चमकला. त्या चमकीची किंमत मला पुढे कळली.

भिंगातून पाहिले तेव्हा एका बाजूस रोमन लिपीतील काही अक्षरे लागली : 'ओस्टाफ्रिकानिशे'. दुसऱ्या बाजूस पानांच्या वेलीत अरबी लिपी. उर्दू जाणणाऱ्या एका गृहस्थांनी ती वाचून दिली. त्यात 'अल्मानिया' म्हणजे जर्मनी हा शब्द होता आणि खाली हिजरी सालाचे १३० एवढे तीन अंक. चौथा अंक नव्हता. तो इतकी वर्षे देवाच्या पूजेत अर्धा झिजला असेल, उरलेला अर्धा मी एका सकाळी घासून टाकला.

मित्रहो, ते नाणे जर्मन पूर्व आफ्रिका कंपनीचे होते. आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावर या कंपनीने १८९० पासून नाणी चालवली आणि त्या नाण्यांचे नाव होते 'रुपी' व 'पेसा'. एका रुपीचे चौसष्ट पेसा. आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे चौसष्टच! चांदीची रुपी तर वजनानेही आपल्या कंपनी सरकारच्या रुपयाएवढी, एक तोळा भरेल अशी केलेली. तिच्यावर कैसर दुसरा विल्हेल्म याचा गरुड बसवलेले शिरस्त्राण घातलेला मुखवटा आहे. स्वतःच्या देशात मार्क आणि फेनिग वापरणाऱ्या जर्मनांना आफ्रिकेत रुपया का पाडावा लागला? कारण त्या किनाऱ्यावर कच्छी, गुजराती व्यापाऱ्यांचा हिशेब आधीपासून रुपया-पैशांत चालत होता. बादशहाचे तोंड जर्मन, पण हिशेब हिंदुस्थानी. हे मी कुठल्याही गाईडमध्ये वाचले नव्हते. पुढे १९०४ साली जर्मन सरकारने चौसष्ट पेसांचा हिशेब मोडून रुपीचे शंभर हेलर केले. म्हणजे आमचा पैसा त्याआधीचा. पेसावर १३०७, १३०८ आणि १३०९ ही हिजरी साले आढळतात, तेव्हा तो १८९० ते १८९२ मधला, एवढेच सांगता येते. नेमके साल सांगणारा अंक चिंचेबरोबर मोरीत वाहून गेला.

तो अर्जुनी मोरगावात कसा आला? गोंदियाच्या कुणा व्यापाऱ्याच्या आफ्रिकेतल्या सोयऱ्याकडून, की पहिल्या महायुद्धात १९१४ नंतर तिकडे लढायला गेलेल्या एखाद्या हिंदी शिपायाच्या खिशातून? मला दोन्ही खरे वाटते आणि दोन्हींना पुरावा नाही. आकाराने आणि वजनाने तो आपल्या पाव आण्यासारखाच असल्यामुळे कुणीतरी बाजारात खपवूनही दिला असेल. ज्या तालुक्यात १९७२ पासून तिबेटी लोक वसाहत करून राहतात, तिथे परदेशी पैशाने येऊन देवघरात बसावे याचे फार नवल मानू नये.

या नादाने मी इतर जुनी जर्मन नाणी ओळखायला शिकलो. नवख्याने पहिल्यांदा गरुड पाहावा. एका डोक्याचा आणि छातीवर ढाल असलेला बहुधा जर्मन साम्राज्याचा, दोन डोक्यांचा ऑस्ट्रियाचा. मग एकच बारीक अक्षर शोधावे, ती टांकसाळीची खूण. 'ए' म्हणजे बर्लिन, 'डी' म्युनिक, 'एफ' स्टुटगार्ट, 'जी' कार्ल्सरूह, 'जे' हॅम्बर्ग. आपल्या रुपयावर सालाखाली हिऱ्याची खूण असली की मुंबई आणि काहीच नसले की कलकत्ता, तसेच हे. आकड्याला मात्र भुलू नये. १९२३ साली जर्मनीत महागाई इतकी भडकली की पाचशे मार्कांचे नाणे ॲल्युमिनियमचे पाडले. ते हातात घेतले तर फुंकरीने उडेल असे वाटते.

माझा एक वर्गमित्र यावर चिडतो. तो म्हणतो, "आपल्या झाडीपट्टीचा इतिहास पडला आहे आणि तू जर्मनांचे पैसे घासत बसलास." घासण्याचा टोमणा मला मान्य आहे. पण त्याला मी विचारले, नागपूरकर भोसल्यांचा रुपया तुझ्यासमोर ठेवला तर तू वाचशील काय? त्यावर मोगल बादशहाचे नाव आहे आणि लिपी फारसी. आपले नाणेही आपल्याला परकेच आहे. जे नाणे दिसताक्षणी परके वाटते त्याच्याशी मनुष्य निदान झटतो, आपले म्हटले की न वाचताच अभिमान बाळगतो.

आणि आपल्या नाण्यांचे आपण काय करतो? जुन्या तांब्याचे पैसे मोडीवाल्याकडे वजनावर जातात. चांदीच्या रुपयांचे हार सोनाराच्या मुशीत जातात. बोडी खोदताना किंवा पडक्या घराचा पाया काढताना मडके लागले तर रातोरात वाटणी होते, कारण लोकांना वाटते की सरकारला कळले तर सगळेच जाईल आणि वर तुरुंग. वस्तुतः १८७८ चा निखात निधी कायदा असे म्हणत नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचे जमिनीत पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. मूळ मालक निघाला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि उरलेले जमीनमालकाचे. सरकारला ते हवेच असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घ्यावे लागते. लपवणाऱ्यालाच खरा धोका आहे. पण ग्रामसभेत हे कुणी वाचून दाखवल्याचे मी ऐकलेले नाही. १९३९ साली वऱ्हाडात तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तो सुदैवाने वा. वि. मिराशींसारख्या पंडितांच्या हाती आला आणि पुराणांच्या याद्यांत नसलेली कुंभ, कर्ण अशी सातकर्णींची नावे उजेडात आली. तीच नाणी मुशीत गेली असती तर ते राजे आपल्यापुरते झालेच नसते.

अलीकडे भामट्यांचे एक नवे पीक आले आहे. मोबाइलवर निरोप येतो की अमुक चित्राचे पाच रुपयांचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणीचे शुल्क भरा. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली याविरुद्ध जाहीर इशारा दिला, तरी आमच्या ओळखीच्या एकाने बियाण्याचे पैसे त्यात घातले. १८१८ सालाचा, रामदरबाराचा म्हणून कंपनीचा अर्धा आणा दाखवला जातो, तो तर चलनातला नव्हेच.

मला आपल्या प्राध्यापकांना विनंती करावीशी वाटते. पदवीच्या वर्गात आम्ही गुप्तांच्या सुवर्णनाण्यांवर दहा गुणांचे उत्तर लिहितो आणि तीन वर्षांत एकही जुने नाणे हातात धरत नाही. वर्गातल्या प्रत्येकाने घरचे एक जुने नाणे, न घासता, एका दिवसापुरते आणावे. वजन करावे, छाप उतरवावा, लिपी ओळखता आली नाही तर तसे वहीत लिहावे आणि नाणे परत घरी न्यावे. विकत काही घ्यावे लागत नाही. लागते ते दागिने तोलायचे एक तागडे, एक भिंग आणि एक तास.

आमचा पैसा पुन्हा सुपारीखाली गेला आहे. त्यावरचा पक्षी गिधाड नसून गरुड आहे, असे मी आजीला सांगून पाहिले. तिला ते पटले नाही. मात्र एवढे ठरले की देवांना चिंच लावायची, पैशाला नुसते पाणी.