हवेलीतली स्वस्त खाट
जुनी हवेली वाचवायची तर तिचं संग्रहालय करा नाहीतर महागडं हॉटेल, हा ठरलेला तोडगा. पण स्वस्त वसतिगृह हा त्याहून शहाणपणाचा मार्ग आहे, हे इंग्लंडमधल्या इलम हॉल या हवेलीकडे पाहून पटतं. पीक डिस्ट्रिक्टमध्ये, डव्हडेलच्या पायवाटांलगत, जेसी वॉट्स-रसेल या धनिकानं १८२०च्या दशकात ती बांधली. शतकभरानं तिचा बराचसा भाग पाडला गेला. उरलेली वास्तू १९३४ मध्ये पिठाच्या धंद्यातले रॉबर्ट मॅकडूगल यांनी विकत घेऊन वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली, ती तिथे यूथ हॉस्टेल चालावं म्हणून. दोनच वर्षं आधी, याच पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर कामगार तरुण जमीनदारांची बंदी मोडून चढले होते. डोंगर मोकळा झाला तरी मुक्काम परवडत नसेल, तर तो मोकळेपणा पैसेवाल्यांपुरताच उरतो. चिखलाचे बूट, दुमजली खाटा आणि सततची वर्दळ यांनी वास्तू झिजते, असा आक्षेप येतो. झिजते खरी, पण कुलूपबंद घरात गळकं छप्पर कुणाच्या ध्यानातही येत नाही. खर्चाचा मुद्दा अधिक वजनदार आहे. स्कॉटलंडचा कार्बिस्डेल किल्ला १९४५ पासून हॉस्टेल होता. दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली आणि तो विकावा लागला. मात्र त्यातून वसतिगृहाची कल्पना खोटी ठरत नाही. वारशाच्या छपराचा सगळा भार खाटेच्या भाड्यावर टाकू नये, एवढंच सिद्ध होतं. तो भार समाजानं उचलायचा, आणि बदल्यात दार सगळ्यांना उघडं ठेवायला लावायचं.