म्युलरला दिलेली नोकरी

मोठा खेळाडू गेला की त्याच्या विक्रमांची यादी छापून येते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी वयाच्या ७५व्या वर्षी गेर्ड म्युलर गेला, तेव्हाही तेच झालं. यादी होतीच तशी. बुंडेसलिगात ४२७ सामन्यांत ३६५ गोल, पश्चिम जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८, आणि १९७०च्या एका विश्वचषकात १०. देशासाठी जितके सामने खेळला त्याहून जास्त गोल! पण म्युलरच्या आयुष्यातलं मोलाचं पान या यादीत सापडत नाही. ते पान एका साध्या नोकरीचं आहे.

म्युलर मूळचा नॉर्डलिंगेनचा, विणकामाची उमेदवारी केलेला पोरगा. १९६४ साली तो बायर्न म्युनिकमध्ये आला, तेव्हा हा क्लब अव्वल दर्जाच्या लीगमध्येही नव्हता. अंगाने बुटका, आडवा, मांड्या पैलवानाच्या. प्रशिक्षक चायकोव्स्कींनी त्याला पाहून नाकच मुरडलं होतं. देखणं खेळायला संघात बेकेनबाउअर होता. म्युलरचं काम गोलापुढच्या गर्दीतलं. त्याचे गोल फारसे डोळे दिपवणारे नसत. गुडघ्याने, नडगीने, पडता पडता, कसाही, पण चेंडू जाळ्यात.

७ जुलै १९७४. म्युनिक, विश्वचषकाची अंतिम लढत, हॉलंडशी १-१ बरोबरी, ४३वं मिनिट. उजवीकडून बॉनहॉफने चेंडू आत दिला. म्युलर पुढे धावत होता आणि चेंडू त्याच्या पायाला लागून मागे राहिला. दुसरा कोणी असता तर संधी गेलीच होती. म्युलर जागच्या जागी मागे फिरला, गर्रकन वळला आणि उजव्या पायाने जमिनीलगत एक हलकासा फटका मारला. फटक्यात जोर असा नव्हताच. गोलरक्षक योंगब्लूड नुसता बघत राहिला. पश्चिम जर्मनी जगज्जेता झाला. त्या रात्रीच्या मेजवानीत पदाधिकाऱ्यांच्या बायकांना जागा होती, खेळाडूंच्या बायकांना नव्हती, यावरून बरीच कडवट बोलाचाली झाली. घराला वेळ देण्याचं म्युलरच्या मनात होतंच. देशासाठी तो पुन्हा खेळला नाही. वय होतं अवघं २८.

क्लबशी काडीमोड व्हायला पुढे पाचच वर्षं लागली. १९७९च्या फेब्रुवारीत प्रशिक्षक चेर्नाई यांनी त्याला चालू सामन्यातून बाहेर काढलं. ज्याच्या गोलांवर बायर्नने लागोपाठ तीन युरोपियन कप जिंकले, त्याला हा अपमान सोसवला नाही. तो तडक फ्लोरिडाला गेला, तिथल्या एका संघाकडून खेळला, एका उपाहारगृहाच्या धंद्यात पडला. तिथून म्युनिकला परतला तेव्हा हाताला काम नव्हतं आणि दारूने पुरता ताबा घेतला होता. फुटबॉल सोडून दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि तेच आता संपलं होतं.

१९९१मध्ये जुने सहकारी उली हेनेस आणि बेकेनबाउअर पुढे आले. त्यांनी त्याला उपचारासाठी दाखल केलं. एखादा सत्कार, शाल-श्रीफळ, मदतनिधीचा सामना एवढ्यावर हे भागवता आलं असतं. त्यांनी त्याला नोकरी दिली. सकाळी मैदानावर यायचं, पोरांना शिकवायचं, पगार घ्यायचा. म्युलर मग वर्षानुवर्षं बायर्नच्या दुसऱ्या संघाचा सहायक प्रशिक्षक होता. त्या संघातून घडून गेलेला थॉमस म्युलर (आडनाव तेच, नातं काही नाही) २०१०च्या विश्वचषकात गेर्डचा १३ नंबर घालून खेळला आणि सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. २०१५मध्ये गेर्डला अल्झायमर झाल्याचं क्लबने जाहीर केलं. तोवर दारूला पुन्हा न शिवता त्याने वीसहून अधिक वर्षं काढली होती.

हेनेसला २०१४मध्ये करचुकवेगिरीबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्या माणसाचा हिशेब मांडताना म्युलरला दिलेली ही नोकरी जमेच्या बाजूला धरायलाच हवी. मात्र बायर्नची पाठ थोपटताना हात थोडा आखडता घ्यावा. म्युलरच्या गोलांशिवाय आपण अजून जुन्या लाकडी खोपटातच बसलो असतो, असं बेकेनबाउअर सांगत असे. ही जाणीव एवढी पक्की होती, तर फ्लोरिडाहून परतलेला म्युलर त्याच शहरात बुडत असताना क्लब काय करत होता? हेनेस १९७९पासूनच तिथे मॅनेजर होता. म्युलरला हात मिळाला तो दोन मित्रांचा, आणि ते दोघं वजनदार होते म्हणून. बायर्नने स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा २०२३मध्ये उभारला. ज्यांचे मित्र व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसलेले नाहीत, अशा त्याच्या पिढीतल्या बाकीच्या खेळाडूंसाठी कुठल्या क्लबाने काय ठेवलं आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.