यंत्र बोलते, पण कुणाशी?

२०२० साली शाळा घरात आल्या, कचेऱ्या घरात आल्या आणि त्यांच्या मागोमाग शाईचा छोटा प्रिंटरही अनेक मध्यमवर्गीय घरांत येऊन बसला. त्याआधी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन ‘एक प्रत द्या हो’ म्हटले की भागत असे. आता मुलांचे प्रकल्प, आधार कार्डाच्या प्रती, सोसायटीच्या नोटिसा, आजोबांच्या तपासण्यांचे अहवाल, सगळे घरच्या घरी छापले जाते. एरवी हा पाहुणा गरीब. कोपऱ्यात बसून असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ज्या दिवशी कागद खरोखरच हवा असतो, नेमका त्या दिवशी त्याचा नारिंगी दिवा लुकलुकू लागतो आणि टीचभर पडद्यावर एक अक्षर व दोन आकडे उमटतात. मग घरातली माणसे एकमेकांकडे बघतात. कुणी बटण बंद करून पुन्हा चालू करतो, कुणी झाकण उघडून फुंकर मारतो, कुणी हळूच एक चापट देतो. चापटीने रेडिओ गाऊ लागण्याचे दिवस सरले, पण हाताची सवय गेलेली नाही.

मला या आकड्यांविषयी थोडे बोलायचे आहे. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. बँकेत चेक परत जातो तेव्हा त्याला एक चिठ्ठी जोडलेली असते आणि तिच्यावर कारण द्यावे लागते. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, आकडा आणि अक्षर यांत फरक, असे काहीतरी. खातेदार चिडायचा, पण आपले काय चुकले आणि आता काय करायचे, हे त्याला कळायचे. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झाले आणि त्या चिठ्ठीवरच्या शब्दांना कोर्टातही वजन आले. मात्र त्या यादीत एक कारण मोठे नामी होते : ‘रेफर टू ड्रॉवर’. म्हणजे, ज्याने चेक दिला त्यालाच काय ते विचारा. झाकली मूठ सव्वा लाखाची! प्रिंटरच्या पडद्यावरचे पुष्कळसे आकडे मला या जातीचे वाटतात. ते काहीतरी सांगतात, पण समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही.

हे आकडे दिसायला सारखे असले तरी त्यांच्या पोटात तीन अगदी निराळ्या गोष्टी असतात. एक, आपल्या हाताने दूर होण्यासारखी अडचण. दुसरी, यंत्राची झीज. आणि तिसरी, कंपनीने घेतलेला एखादा निर्णय. तिन्हींचा सूर मात्र एकच : ‘बिघाड’. यातले नेमके काय घडले आहे, हे जाणण्याचा हक्क यंत्रासाठी पैसे मोजणाऱ्याला आहे, आणि नेमका तोच त्याला मिळत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

पहिली जात निरुपद्रवी, आणि घरात वरचेवर भेटणारी हीच. कॅननच्या बऱ्याच घरगुती यंत्रांवर ‘ई०२’ म्हणजे कागद नाही, ‘ई०३’ म्हणजे कागद अडकला, ‘ई०४’ म्हणजे कार्ट्रिज ओळखता येत नाही. एचपीच्या अनेक डेस्कजेट यंत्रांवर मात्र ‘ई३’ म्हणजे शाईचे कार्ट्रिज वाहून नेणारा गाडा अडला, आणि कागद अडकला तर ‘ई४’. म्हणजे आकडा तोच, दुखणे निराळे. तेव्हा शेजाऱ्यांचा रामबाण उपाय आपल्याकडे लागू पडेलच असे नाही. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका खोक्यातच राहिली असेल तर ती आधी बाहेर काढावी.

कागद ठेवलेला असूनही यंत्र ‘कागद नाही’ म्हणते, तेव्हा ते खोटे बोलत नसते. कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर धूळ बसली की तो नुसता घसरतो. ओलसर, धागे न सुटणाऱ्या फडक्याने रोलर पुसला की बहुधा काम होते. आपल्याकडे पावसाळ्यात कागद दमट होतो, पाने एकमेकांना चिकटतात आणि एकाऐवजी तीन आत जातात. उघडलेला गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा, थोडीच पाने लावावीत आणि लावण्याआधी पत्ते पिसावेत तशी मोकळी करावीत.

कागद अडकला तर आधी प्लग काढावा आणि कागद दोन्ही हातांनी, शक्यतो त्याच्या जाण्याच्या दिशेने, सावकाश ओढावा. हिसका दिला की कोपरा फाटून आत राहतो. मग एक गंमत होते. कागद कुठे दिसत नाही आणि यंत्र ‘अडकला, अडकला’ म्हणत राहते. आत कागदाची चाहूल घेणारी प्लास्टिकची बारीक दांडी असते. नखाएवढा कपटाही तिला दाबून धरतो. मागचे झाकण निघत असेल तर ते काढून विजेरीच्या उजेडात बघावे. जिथे कागद मागून उभा लावायचा असतो, तिथे वरून पडलेली पेन्सिल, टाचणी, केसांची पिनही सापडते. घरात लहान मूल असेल तर हमखास.

गाडा अडल्याचा संकेत आला, तर त्याच्या वाटेत आडवी ताणलेली एक पारदर्शक पट्टी शोधावी. तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या बारीक रेघा असतात आणि त्या वाचूनच गाड्याला आपण कुठे आहोत हे कळते. तिच्यावर शाईचा वा वंगणाचा डाग पडला की गाडा वाट चुकतो. पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ फडक्याने ती हलकेच पुसावी, ओढू मात्र नये. कार्ट्रिज ओळखले जात नसेल तर ते काढून संरक्षक पट्टी तशीच राहिली आहे का ते बघावे, तांबूस टिकल्या अलगद पुसाव्यात आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावे. आणखी एक गोष्ट. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नये, त्याच्या अंगच्या बटणाने करावा. तसे केले म्हणजे छपाईचे डोके आपल्या जागी जाऊन झाकले जाते. मध्येच वीज गेली तर ते उघडे राहते आणि शाई वाळते. वीज आल्यावर यंत्र एकदा चालू करून रीतसर बंद करावे, एवढेच.

हे सारे सांगायला पडद्यावर चार शब्द पुरले असते. पण ‘कपटा काढा’ म्हणण्याऐवजी यंत्र आकडा फेकते आणि माणूस घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन लावतो.

दुसरी जात झिजेची. तिच्यासाठी या यंत्राच्या पोटात डोकवावे लागेल. कॅननमधील संशोधक इचिरो एन्दो यांच्या प्रयोगशाळेत १९७७ साली तापलेली डाग देण्याची इस्त्री शाईच्या पिचकारीच्या सुईला लागली आणि शाई उडाली. त्या उडीतून उष्णतेने शाई फेकण्याची कल्पना निघाली. आजही कॅनन व एचपीच्या घरगुती यंत्रांत सूक्ष्म तापकामुळे शाईत बुडबुडा उठतो आणि तो थेंब ढकलतो. एप्सनच्या यंत्रांत विजेने आकसणारे स्फटिक हे काम करतात. थेंबाची छिद्रे केसाहून बारीक, त्यामुळे ती तुंबू नयेत म्हणून यंत्र अधूनमधून स्वतःच शाई ओढून टाकते. ही वाया गेलेली शाई तळाशी असलेल्या नमद्यासारख्या गाद्यांत मुरते. गादी किती भिजली हे बहुतेक यंत्रे प्रत्यक्ष बघत नाहीत. प्रत्येक सफाईला किती शाई गेली असेल याचा अंदाज मोजत राहतात. हिशेब ठरलेल्या आकड्याला पोचला की यंत्र थांबते. कॅननवरचा ‘५बी००’ तो हाच. एप्सनच्या यंत्रांवर ‘शाईच्या गादीचे आयुष्य संपले’ अशा अर्थाचा संदेश येतो, तोही हाच.

आमच्या समोरच्या इमारतीतल्या एक वहिनी घरबसल्या अर्ज, बायोडेटा आणि प्रवेशाचे कागद छापून देतात. यजमान गेल्यानंतर त्यांचा संसार या टेबलावर उभा आहे. जूनमध्ये, प्रवेशाच्या ऐन गर्दीत, त्यांचे यंत्र थांबले. सर्व्हिस सेंटरमधून उत्तर आले की, दुरुस्तीत अर्थ नाही, नवे घ्या. मी त्यांच्याबरोबर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. तिथल्या कारागिराने यंत्र उलटे करून आकडा पाहिला आणि म्हणाला, “ताई, मशीन मेलं नाहीये. त्याला मोजून दिलेला आकडा संपलाय.” त्याने काळ्या पडलेल्या गाद्या काढून दाखवल्या, नव्या घातल्या, मोजणी शून्यावर आणली. नव्या यंत्राच्या मानाने खर्च किरकोळ. यंत्र त्या संध्याकाळी पुन्हा अर्ज छापू लागले.

आता न्यायाने बोलायचे तर कंपनीने मोजणी ठेवली, यात गैर काही नाही. गादी भरून वाहिली तर शाई टेबलावर, सतरंजीवर येईल. म्हणूनच गादी न बदलता नुसता आकडा पुसून घेणे शहाणपणाचे नाही. पण ‘गादी भरली, ती बदलता येते, खर्च साधारण इतका’ एवढे सांगायला काय हरकत होती? हे न सांगितल्यामुळे चालती यंत्रे भंगारात जातात आणि वहिनींसारख्यांच्या पोटावर पाय येतो. काही नव्या मॉडेलांत ही गादी एका छोट्या पेटीत असते आणि घरचे माणूस दोन मिनिटांत ती बदलू शकते. म्हणजे करता येत नव्हते असे नाही.

तिसरी जात सर्वांत बेरकी. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या अनेक ऑफिसजेट यंत्रांनी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिजे एकाएकी नाकारली. आदल्या दिवसापर्यंत तीच कार्ट्रिजे बिनतक्रार छापत होती. मोडले काहीच नव्हते. यंत्राच्या आत आधीच घालून ठेवलेली सूचना त्या दिवशी जागी झाली होती. ओरड झाल्यावर कंपनीने ग्राहकांना नीट कळवले नाही म्हणून माफी मागितली आणि ती अडवणूक काढण्याची सोय दिली, पण धोरण सोडले नाही. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अशा बंधनांची पुरेशी कल्पना ग्राहकांना न दिल्याबद्दल या कंपनीला एक कोटी युरो दंड केला.

याहून बोलके उदाहरण जानेवारी २०२२ चे. जगभर चिप्सचा तुटवडा होता. कॅननला आपल्या कचेरीतल्या लेसर यंत्रांसाठी टोनरवर बसवायला चिप मिळेनात. तेव्हा कंपनीनेच जर्मनीतल्या ग्राहकांना सांगितले की, चिप नसल्याचा इशारा आला तर तो बाजूला सारून छपाई चालू ठेवा, छपाईच्या दर्जात फरक पडणार नाही. यंत्रे शाईची नव्हती हे खरे, पण तत्त्व तेच. ज्या इशाऱ्याने ग्राहकाचा हात थबकतो, तो कंपनीची अडचण झाल्यावर ‘दुर्लक्ष करा’ या सदरात जातो.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा अमेरिकेतून येताना वडिलांसाठी अस्सल, सीलबंद कार्ट्रिजे घेऊन आला. इथल्या यंत्राने ती घेतली नाहीत. कंपनी तीच, शाई तीच, पण प्रदेश निराळा! पैसे भरून घेतलेल्या खऱ्या मालालाही यंत्राने बिघाडाच्या पंगतीत बसवले.

कंपन्यांचे म्हणणे असे की, हलक्या शाईने यंत्र बिघडते आणि दोष आमच्यावर येतो. त्यात तथ्य आहे. दुसरे कारण त्या मोठ्याने सांगत नाहीत. यंत्र स्वस्तात द्यायचे आणि नफा शाईत काढायचा. बँकवाल्याला हे नवे नाही. व्याज कमी दिसते त्या कर्जात इतर आकार बघावे लागतात. धंदा कसा करावा हे मी सांगणार नाही. पण कर्जाच्या कागदावर आकार लिहावे लागतात, तसे प्रिंटरच्या खोक्यावरही बंधन ठळक छापलेले असावे. धंद्याचा निर्णय बिघाड म्हणून दाखवू नये.

आपल्या देशात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिजेही येतात. म्हणजे भंगाराची जबाबदारी कागदावर उत्पादकाकडे आहे. पण यंत्र भंगारात जाऊच नये, याची सुरुवात त्या टीचभर पडद्यापासून व्हायला हवी. प्रत्येक संकेताबरोबर तीन ओळी असाव्यात : काय झाले, घरी करता येईल का, आणि हा बिघाड आहे की बंधन. मराठीत असतील तर सोन्याहून पिवळे. मोबाइलला मराठी येते, ते प्रिंटरला येणे अवघड नाही.

तोपर्यंत आपण काय करावे? यंत्र घेताना किंमत सगळेच विचारतात. त्याबरोबर दुकानदाराला आणखी तीन प्रश्न विचारावेत. वाया जाणाऱ्या शाईची गादी घरी बदलता येते का? दुसऱ्याची शाई चालते का, आणि पुढेही चालेल का? इथे बंद पडले तर उघडून देणारा माणूस शहरात आहे का? उत्तरे बिलाच्या मागे लिहून घ्यावीत. आणि पडद्यावर आकडा उमटला तर तो वहीत टिपावा, पुस्तिकेत बघावा आणि सर्व्हिस सेंटरला स्वच्छ विचारावे, “मोडले काय, ते सांगा.” हा प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला जाऊ लागला, तर उत्तर द्यावेच लागेल.